काशफुलांचा धडा

सन १९५२ चा ऑक्टोबर महिना. सत्यजित राय 'पथेर पांचाली' या आपल्या पहिल्याच चित्रपटाच्या चित्रणासाठी बंगालमधील पालसिट गावी गेले. ते व त्यांचे छायालेखक, दोघेही या कामात नवशिके होते. शेतात काश नावाच्या गवताला शुभ्र तुरे आले होते. बालनट त्यांतून ताठरपणे चालू लागला. राय यांनी वाटेत काटक्या टाकल्या. त्या ओलांडताना त्याची चाल सहज झाली. उरलेले काम पुढील रविवारी करावयाचे ठरले. रविवारी येऊन पाहतात तो काय! गुरांनी सारे तुरे फस्त केले होते. राय निराश झाले, पण त्यांनी धीर सोडला नाही. पुढील वर्षी काश फुलल्यावर तो प्रसंग पुरा झाला. १९५६ साली फ्रान्समधील कान महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला. ऋतू आपल्यासाठी थांबत नाही. आपल्यालाच ऋतूसाठी थांबावे लागते.