निळे पिठले



मोबाइल आता घरोघर पोचला आहे. त्यात फोटो काढता येतो. काढलेला फोटो बदलताही येतो. आज त्याविषयी दोन गोष्टी सांगतो. पहिली हसायची आहे. दुसरी हसायची नाही. दोन्ही माझ्याच घरातल्या आहेत.

पहिली गोष्ट

माझा नातू कॉलेजात शिकतो. १ एप्रिलचा दिवस होता. त्या दिवशी एकमेकांना फसवून गंमत करण्याची चाल आहे. त्याला 'एप्रिल फूल' म्हणतात. घरी पिठलं-भाकरीचा बेत होता. नातवाने पिठल्याच्या पातेल्याचा फोटो काढला आणि तो ओसरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने ओरडतच आत आला.

"आजी, अगं पिठल्यात काय घातलंस? हे बघ!"

फोटोत पिठले निळेभोर दिसत होते. जणू त्यात नीळच कालवली होती. पातेले तेच, पळीही तीच. आजी घाबरली. मग तिने मोबाइल बाजूला सारला आणि पातेल्यावरचे झाकण उचलले. आत पिवळेधमक पिठले रटरटत होते.

"थांब मेल्या, आज तुला भाकरीच देत नाही!" आजी म्हणाली. आम्ही सगळे पोट धरून हसलो. आजीही हसली.

हे कसे होते?

रांगोळीचे ठिपके तुम्ही पाहिले आहेत. मोबाइलमधला फोटो असाच ठिपक्यांचा बनतो. पण ते इतके बारीक असतात, की वेगळे दिसत नाहीत. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग यंत्र आकड्यांत लिहून ठेवते. तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येकाला साधारणपणे ० ते २५५ यांतला एक आकडा असतो. आकडा बदलला की रंग बदलला. नातवाने पिठल्याच्या ठिपक्यांतला तांबडा आणि हिरवा उतरवला, निळा चढवला. झाले निळे पिठले!

एका फोटोतला तुकडा उचलून दुसऱ्या फोटोत बसवताही येतो. गोधडीला ठिगळ लावतो ना, तसे. फक्त टाके दिसत नाहीत. 'फोटोशॉप' नावाची अशीच एक सोय टॉमस नोल आणि जॉन नोल या दोन अमेरिकन भावांनी तयार केली. ती १९९० साली बाजारात आली. तेव्हा त्यासाठी संगणक लागे. आज असे काम मोबाइलवर बोटाने होते.

शेवयांचे झाड

दुसऱ्या गोष्टीआधी जरा इंग्लंडात जाऊन येऊ. फसवायला संगणकच लागतो असे नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी तिथे बीबीसीने टेलिव्हिजनवर एक छोटी फिल्म दाखवली. स्वित्झर्लंड देशात 'स्पॅगेटी'चे पीक चांगले आले आहे, असे त्यात सांगितले होते. स्पॅगेटी म्हणजे इटलीकडच्या लांब, जाड शेवया. त्या गव्हाच्या पिठाच्या करतात. फिल्ममध्ये बायका झाडावरून शेवया तोडत होत्या आणि उन्हात वाळत घालत होत्या. खरे तर त्या शेवया झाडावर माणसांनीच टांगल्या होत्या. माहिती सांगणारे रिचर्ड डिंबलबी हे लोकांच्या विश्वासातले गृहस्थ होते. त्यामुळे पुष्कळांना ते खरे वाटले. काहींनी तर विचारले, "हे झाड आमच्याकडे कसं लावायचं?"

आपल्या गावातली बाई याला फसली नसती. तिने उन्हाळ्यात स्वतः शेवया केल्या आहेत. इंग्लंडात तेव्हा स्पॅगेटी फारशी कोणी खात नसे. ती कशी होते हे त्यांनी पाहिले नव्हते. म्हणून चित्रात दिसले तेच त्यांना खरे वाटले.

दुसरी गोष्ट

पिठल्याची गंमत जमली, तसा नातवाला हुरूप आला. आमच्या एस. टी. थांब्यापाशी एक बाई भज्यांची गाडी लावतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. नवरा वारला. दोन मुली शाळेत जातात. नातवाने मावशींच्या भज्यांच्या परातीचा फोटो काढला. दुसऱ्या एका फोटोतली पाल उचलून त्यात बसवली. तीन मित्रांना तो व्हॉट्सॲपवर पाठवला. मित्र हसले आणि त्यांनी तो पुढे पाठवला. ही गंमत आहे, हे पुढच्या माणसाला कोणी सांगितलेच नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मावशींनी रोजच्या दुप्पट पीठ भिजवले होते. संध्याकाळी ते सारे उकिरड्यावर गेले.

आता माझी चूक सांगतो. तो फोटो माझ्याही मोबाइलवर आला होता. कोणी केला, ते मला ठाऊक नव्हते. मावशींनी हाक मारली, "गुरुजी, घ्या ना, गरम आहेत." मी म्हणालो, "आज उपास आहे," आणि पुढे गेलो. जन्मभर मुलांना शिकवले, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. इथे परात दहा पावलांवर होती, तरी मी डोकावलो नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी लागलीच नाही. तेव्हा नातवाने मान खाली घालून मला खरे काय ते सांगितले. आम्ही दोघे मावशींच्या घरी गेलो. दोघांनीही माफी मागितली. मावशी एवढेच म्हणाल्या, "पोरा, तुझी गंमत झाली. माझ्या मुलींच्या वह्या राहिल्या."

नातवाने वाया गेलेल्या पिठाचे पैसे भरून दिले. खरा आणि खोटा फोटो शेजारी ठेवून सगळ्यांना पाठवला. आठवडाभर गाडीपाशी उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "ते मी केलं होतं. भजी चांगली आहेत." मीही रोज तिथे उभ्याने भजी खाल्ली. गिऱ्हाईक हळूहळू परत आले. पण शेजारच्या गावचे काही लोक अजून येत नाहीत. खोटा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला. खरा पोचला नाही.

फोटो कसा पारखावा?

मागाहून मी तो फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येक भज्याची सावली उजवीकडे पडली होती. पालीला सावलीच नव्हती. हे आधी पाहिले असते तर!

म्हणून असा फोटो आला, तर:

१. सावल्या एका बाजूला आहेत का, ते बघा.
२. फोटो मोठा करा. कडा कापल्यासारख्या दिसतात का, ते बघा.
३. पाठवणाऱ्याला विचारा, "तू स्वतः पाहिलंस का? कुठं? कधी?"
४. हाताचा सफाईदार माणूस सावलीही बरोबर काढतो. म्हणून जमेल तेव्हा जागेवर जाऊन बघा. खात्री होईपर्यंत फोटो पुढे पाठवू नका.

गंमत जरूर करा. पण ज्याची केली, त्याच्यासमोर करा आणि लगेच खरे सांगून टाका. कोणाच्या पोटावर किंवा अब्रूवर येईल अशी गंमत करू नका. बदनामी हा कायद्यानेही गुन्हा आहे.

आजीने झाकण उचलून पाहिले. तुम्हीही आधी झाकण उचला.

प्रश्न

१. पिठले निळे नाही, हे आजीला कसे कळले?
२. इंग्लंडातले लोक शेवयांच्या झाडाला का फसले?
३. गुरुजींची चूक कोणती?
४. तुमच्याकडे असा एखादा फोटो आला होता का? तेव्हा तुम्ही काय केले? चार ओळी लिहा.