कॅपिटल ‘ए’ आणि स्मॉल ‘ए’

हजेरीसाठी मी पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. पहिल्याच रात्री त्याने एका ज्युनिअरला गैरहजर ठरवले. तो तर माझ्यासमोर उभा! सरांनी ताडून पाहिले नसते, तर माझ्या चुकीचे एक्स्ट्रा ड्रिल त्याच्या वाट्याला गेले असते.

यादीत त्याचे नाव कॅपिटल अक्षरांत होते, त्याने टाइप केले स्मॉलमध्ये. संगणकाला अक्षर म्हणजे आकडा. कॅपिटल ‘ए’ 65, स्मॉल ‘ए’ 97. म्हणून नावे जुळली नाहीत.

तुलना करण्याआधी दोन्ही नावांना ‘लोअर’ लावायचे. मी आधी एकालाच लावले आणि पुन्हा फसलो! जर्मन नावे असतील तर ‘केसफोल्ड’ बरे. तिथले ‘एस्त्सेट’ हे अक्षर ते दोन ‘एस’ करून जुळवते, ‘लोअर’ तसेच ठेवते. पासवर्डला मात्र यातले काहीच लावू नका.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून मराठी यादीबाबत मी निर्धास्त होतो. पण ‘गोऱ्हे’ मधला ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसा ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना एकच, संगणकाला वेगळे. तिथे ‘युनिकोडडेटा’मधले ‘नॉर्मलाइझ’ वापरावे लागते.