कीथली येथील परलोकवादी मंडळी व तिचा उगम

धर्माच्या इतिहासांत मोठमोठ्या मंडळ्यांच्या कथा पुष्कळ वाचावयास मिळतात. लहान मंडळ्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तथापि लहान मंडळी कशी जन्मास येते, कोणत्या गरजेनें लोक तींत जमतात, आणि तिच्या पायांतील दगड ढिला निघाला तरी ती कोसळत कां नाहीं, हें पाहिलें असतां मनुष्यस्वभावाविषयीं बरेंच शिकावयास मिळतें. ह्याच हेतूनें आम्ही येथें इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत, कीथली ह्या गिरणगांवीं १८५३ सालीं उदयास आलेल्या एका मंडळीची हकीकत देत आहों. मनुष्याचा आत्मा मरणोत्तर जिवंत राहतो एवढेंच नव्हे, तर तो मागें राहिलेल्या आप्तांशीं संभाषण करूं शकतो, असें ह्या मंडळीचें मत होतें. इंग्रजींत ह्या मतास स्पिरिच्युअलिझम म्हणतात. आम्ही त्यास परलोकवाद म्हणूं.

ह्या मताचा उगम मात्र कीथलीस झाला नाहीं. तो अमेरिकेंत झाला. न्यूयॉर्क संस्थानांत हाइड्सव्हिल नांवाचें एक लहानसें खेडें होतें. तेथें जॉन फॉक्स नांवाचा लोहार १८४७ च्या डिसेंबरांत सहकुटुंब एका लांकडी घरांत राहावयास आला. कुटुंब मेथडिस्ट पंथाचें होतें. मार्गारेट व केट ह्या त्याच्या दोन धाकट्या मुली. पहिली चौदा-पंधरा वर्षांची व दुसरी अकरा-बारा वर्षांची होती. पुढील मार्च महिन्यांत त्या घरांत रात्रीं ठकठक असे आवाज येऊं लागले. ३१ मार्च १८४८ च्या रात्रीं केटनें टिचक्या वाजविल्या, तों तितकेच ठोके उत्तरादाखल ऐकूं आले. तेव्हां आईनें आपल्या मुलांचीं वयें विचारलीं. ठोक्यांनीं तीं क्रमानें सांगितलीं. आणि जें मूल तीन वर्षांचें होऊन वारलें होतें त्याचेंही वय शेवटीं सांगितलें. शेजारीपाजारी जमले, प्रश्नांवर प्रश्न झाले, आणि ह्या घरांत खून झालेल्या एका फेरीवाल्याचा हा आत्मा आहे, अशी वार्ता गांवोगांव पसरली. वाचकांनीं त्या वारलेल्या मुलाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व इतिहासाची किल्ली तींत आहे.

एका खेड्यांतील आवाजांवर एवढा विश्वास बसला कसा, असें कोणी विचारील. त्याचीं कारणें त्या काळांत व त्या प्रदेशांत होतीं. न्यूयॉर्क संस्थानाच्या ह्या पश्चिम भागांत धार्मिक जागृतीच्या लाटा एकामागून एक येऊन गेल्या होत्या, आणि नवे पंथ निघणें ही तेथें नवलाची गोष्ट राहिली नव्हती. दुसरें असें कीं, १८४४ सालीं मोर्सच्या तारायंत्रानें वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला संदेश गेला होता. टिकटिक अशा आवाजांनीं न दिसणारा मनुष्य कोसांवरून बोलतो, हें जर खरें, तर ठोक्यांच्या योगें परलोकींचा मनुष्य कां बोलूं नये, असें सामान्य जनांस वाटलें. ते ह्या व्यवहारास ‘आत्म्यांची तार’ असें म्हणत.

मुलींस त्यांच्या थोरल्या बहिणीनें, लीआनें, रॉचेस्टर शहरीं नेलें. तेथें आयझॅक व एमी पोस्ट हें क्वेकर दांपत्य त्यांच्या पाठीशीं उभें राहिलें. गुलामगिरीविरुद्ध झटणारीं तीं सज्जन माणसें होतीं. १४ नोव्हेंबर १८४९ रोजीं कॉरिंथियन हॉलमध्यें तिकीट लावून पहिला जाहीर प्रयोग झाला. चौकशीसाठीं नेमलेल्या समित्यांस लबाडी सांपडली नाहीं. परंतु १८५१ सालीं बफेलो येथील तीन वैद्यांनीं निराळी परीक्षा केली. मुलींचे पाय अशा रीतीनें धरून ठेविले कीं सांधे हलूं नयेत. तों ठोके बंद पडले. पाय सोडले, तों पुनः सुरू झाले. आवाज गुडघ्याच्या सांध्यांतून निघतात असा निर्णय त्यांनीं प्रसिद्ध केला. पण मत पसरावयाचें थांबलें नाहीं.

१८५२ सालीं श्रीमती हेडन नांवाची अमेरिकन बाई लंडनास आली. मृतात्म्यांचे निरोप जिच्या द्वारें येतात अशा व्यक्तीस ‘माध्यम’ म्हणत. ही बाई त्यांपैकीं होती. तिच्या बैठकींत मोठमोठे लोक जात. वृद्ध समाजसुधारक रॉबर्ट ओवेन, ज्यानें आयुष्यभर सर्व धर्मांवर टीका केली, तोही १८५३ सालीं ह्या मताचा झाला. त्याच वर्षीं डेव्हिड रिचमंड नांवाचा एक कामकरी अमेरिकेंतील शेकर पंथीयांत राहून परत आला व कीथलीस गेला. तेथें डेव्हिड वेदरहेड हा ओवेनच्या विचारांचा सधन गृहस्थ त्यास मिळाला. ह्या दोघांच्या भेटींतून जी मंडळी निघाली तीच ब्रिटनांतील पहिली परलोकवादी मंडळी असें मानितात. १८५५ सालीं तिनें ‘यॉर्कशर स्पिरिच्युअल टेलिग्राफ’ हें पत्र काढिलें. नांवांतही तारायंत्र आहे, हें लक्षांत येईलच.

आतां हें मत लोंकरीच्या गिरण्यांत राबणाऱ्या लोकांत कां रुजलें? ह्या प्रश्नाचें उत्तर कीथलीपासून थोड्याच मैलांवर असलेल्या हॉवर्थ गांवच्या एका सरकारी अहवालांत सांपडतें. ब्राँटे भगिनींमुळें हें गांव इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांचे वडील तेथें पाळक होते, व त्यांच्याच खटपटीनें १८५० सालीं बेंजामिन हर्शेल बॅबेज हा अधिकारी गांवच्या आरोग्याची पाहणी करण्यास आला. त्यास काय आढळलें? शंभर मुलांपैकीं एकेचाळिसांवर मुलें वयाचीं सहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच मरत होतीं; आणि मरणसमयींचें सरासरी वय अवघें २५·८ वर्षें होतें. गटारें नव्हतीं, पिण्याचें पाणी घाणीनें दूषित झालें होतें. अशा मुलुखांत ज्या घरांतून लहानसा पाळणा बाहेर काढावा लागला नाहीं असें घर विरळा. ‘तुझें मूल सुखांत आहे, तें तुझ्याजवळच आहे,’ एवढा निरोप जो कोणी आणील त्याच्यासाठीं तेथील आईचें दार उघडेंच होतें.

दुसरेंही कारण होतें. ह्या मंडळीस मोठें मंदिर लागत नसे कीं पगारी पाळक लागत नसे. कोणाच्या तरी घरीं टेबलाभोंवतीं दहापांच माणसें बसलीं, म्हणजे मंडळी भरली. सर्व तेथें समान. ज्या काळीं बहुतेक मंडळ्यांत स्त्रीस व्यासपीठावर उभें राहण्याची मोकळीक नव्हती, त्या काळीं ह्या मंडळ्यांत स्त्रिया उघड बोलत. लंडनास जन्मलेली एमा हार्डिंज ब्रिटन (१८२३–१८९९) ही त्यांतली प्रमुख. ती अमेरिकेंत ह्या मताची झाली, तिनें १८६४ सालीं लिंकनच्या निवडणुकीसाठीं व्याख्यानें दिलीं, आणि उतारवयांत मँचेस्टर येथें १८८७ सालीं ‘टू वर्ल्ड्स’ हें साप्ताहिक काढिलें. परमेश्वराचें पितृत्व, मनुष्यमात्राचें बंधुत्व, आत्म्याचें अमरत्व, आपल्या कर्माची जबाबदारी आपलीच, आणि प्रत्येक आत्म्यास उन्नतीचा मार्ग सदैव मोकळा, अशा प्रकारचीं जीं सात तत्त्वें ह्या पंथांत मान्य झालीं तीं तिच्याच व्याख्यानांवरून बांधलीं गेलीं.

मुलांकरितां त्यांनीं रविवारच्या शाळाही काढिल्या. त्यांस ते ‘लायसियम’ म्हणत. ही पद्धति अमेरिकेंत अँड्रू जॅक्सन डेव्हिस ह्यानें १८६३ सालीं घातली. ब्रिटनांत ती १८६६ सालीं नॉटिंगहॅम येथें व १८७० सालीं कीथली येथें आली. तेथें पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांऐवजीं मुलांसच प्रश्न विचारून त्यांचा विचार करावयास लावीत, आणि धड्यांबरोबर कवाईत व व्यायामही असे. शिक्षक ह्या नात्यानें ही गोष्ट आम्हांस आदरणीय वाटते. पुढें १८९० सालीं विखुरलेल्या मंडळ्यांचा संघ झाला, व १९०१ सालीं त्याचें ‘स्पिरिच्युअलिस्ट्स नॅशनल युनियन’ ह्या नांवानें नोंदलेल्या संस्थेंत रूपांतर झालें. ती संस्था आजही आहे.

येथवर आम्हीं मंडळीची बाजू सांगितली. आतां परीक्षेची सांगतों. १८५३ सालीं, म्हणजे कीथलीस मंडळी निघाली त्याच वर्षीं, टेबलावर हात ठेवून तें आपोआप हालण्याची वाट पाहण्याचें वेड इंग्लंडभर पसरलें होतें. मायकेल फॅरडे हा प्रख्यात शास्त्रज्ञ त्याच्या चौकशीस लागला. फॅरडे नास्तिक नव्हता. तोही एका लहान ख्रिस्ती मंडळीचा निष्ठावंत सभासद होता. बसणारे लोक लबाड आहेत असेंही त्यानें गृहीत धरिलें नाहीं. त्यानें पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून त्यांच्यामध्यें मऊ चिकट पदार्थाच्या गोळ्या घातल्या. खालचा तुकडा टेबलास धरून राहील व वरच्यावर हात राहतील अशी योजना केली. टेबल आधीं हाललें तर खालचा तुकडा पुढें जाऊन वरचा मागें राहावा. हात आधीं हालले तर वरचा पुढें जावा. टेबल हाललें, आणि पाहतात तों वरचा तुकडाच पुढें गेलेला! म्हणजे टेबल हातांस हालवीत नव्हतें. हातच नकळत टेबलास हालवीत होते. मग त्यानें हातांचें हालणें दाखविणारी एक काडी बसविली. ती काडी बसणारांस दिसूं लागतांच त्यांचे हात स्थिर झाले व टेबल हालेनासें झालें. मनांत जें व्हावेंसें वाटतें तें हात आपल्या नकळत करितात, हें त्यावरून सिद्ध झालें.

ह्यानंतर पस्तीस वर्षांनीं मूळ झऱ्याचीच परीक्षा झाली. २१ ऑक्टोबर १८८८ रोजीं न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिक ह्या नाट्यगृहांत मार्गारेट फॉक्स व्यासपीठावर उभी राहिली. केटही तेथें हजर होती. आईस भिवविण्यासाठीं आम्ही सफरचंदास दोरा बांधून तें जमिनीवर आपटीत असूं, पुढें पायाच्या बोटांचे सांधे वाजवावयास शिकलों, असें तिनें सांगितलें, व लांकडी फळीवर बूट काढलेला पाय ठेवून तसे ठोके सर्वांस ऐकविले. पुढच्याच वर्षीं तिनें ही कबुली मागें घेतली. केट १८९२ सालीं व मार्गारेट १८९३ सालीं वारली. दोघींचा शेवट दारिद्र्यांत व व्यसनांत झाला. लहानपणींच्या एका खोडीचें ओझें दोघी बहिणींनीं जन्मभर वाहिलें, असें त्यांच्याविषयीं वाटल्यावांचून राहत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कबुली खरी कीं माघार खरी हें कसें ठरवावें? आमचें उत्तर असें कीं, दोहोंवरही विसंबूं नये. मनुष्याचें बोलणें गरजेप्रमाणें फिरतें. बफेलोच्या वैद्यांची परीक्षा व फॅरडेचे पुठ्ठे हे कोणाच्या शब्दावर अवलंबून नाहींत. ज्यास शंका असेल त्यास तसाच प्रयोग पुनः करून पाहतां येतो. विल्यम क्रूक्स व आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्यांसारख्या नामांकित शास्त्रज्ञांनीं परलोकवादाचा पक्ष घेतला होता, हेंही खरें. पण मोठ्या नांवानें पुराव्याची उणीव भरून निघत नाहीं.

मग पाया असा असूनही मंडळी कां टिकली? आम्हांस वाटतें कीं, ठोके हा तिचा खरा पाया नव्हताच. लोक आपलें दुःख घेऊन येत होते. तेथें त्यांचें ऐकून घेणारें कोणी होतें, गरिबाच्या बोलण्यास मान होता, स्त्रीस उभें राहावयास जागा होती. अमेरिकेंतील यादवी युद्धांत (१८६१–१८६५) सहा लाखांवर माणसें मेलीं, आणि त्या काळांत हें मत जोरानें वाढलें, ह्याचेंही मर्म हेंच. ज्या सांत्वनाची लोकांस भूक होती तें इतर मंडळ्यांनीं वेळेवर व पुरेसें दिलें असतें, तर कित्येक माता त्या टेबलाकडे वळल्या नसत्या. ह्या मताचा उपहास करणाऱ्या आम्हां मंडळ्यांच्या लोकांनीं प्रथम हा विचार करावा.

परंतु दुःख खरें असलें म्हणजे त्यावर सांगितलेला उपायही खरा ठरतो, असें नाहीं. हॉवर्थची पोरें ज्या कारणानें मरत होतीं तें बॅबेजनें विहिरी व गटारें तपासून शोधिलें. मेलेल्या मुलाचा निरोप आणणारा आणि जिवंत मुलास स्वच्छ पाणी देणारा, ह्या दोघांपैकीं त्या आईचा खरा मित्र कोण, हें विद्यार्थ्यांनींच ठरवावें.

हा प्रश्न दूरदेशींचा नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतही प्लँचेटच्या बैठका घरोघर झालेल्या आहेत, आणि मित्रमंडळींत कोणी तरी वाटी व अक्षरांचा कागद घेऊन बसण्याचा आग्रह अजूनही करितो. तशा वेळीं फॅरडेची काडी आठवावी. बसणारांचे डोळे बांधून अक्षरें फिरवून ठेवावीं, आणि मग वाटी अर्थपूर्ण शब्द लावते कीं काय तें पाहावें. मात्र त्या बैठकींत जर कोणी शोकग्रस्त आई किंवा विधवा बहीण बसली असेल, तर तिला हसूं नये. तिच्याजवळ बसावें, गेलेल्या माणसाची आठवण तिला मोकळेपणीं काढूं द्यावी, आणि तिच्या दुःखावर कोणी पैसे घेत असेल तर त्यास अडवावें. ममता व परीक्षा ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहींत. कीथलीच्या भोळ्या लोकांत पहिली होती, बफेलोच्या वैद्यांत दुसरी होती; दोन्ही ज्याच्या ठायीं एकत्र नांदतील तोच खरा सुशिक्षित, असें आम्ही समजतों.