मोबाइलवरची स्वभावचाचणी: खरंच आपलीच?

मोबाइलवर दहा-वीस प्रश्न सोडवले की लगेच निकाल येतो: तुम्ही अंतर्मुख आहात, हळव्या आहात, पण आतून खंबीर. वाचून वाटतं, अगं बाई, हे तर माझंच वर्णन!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचा निकाल दिला आणि तो कितपत जुळतो, याचे पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं, सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला!

म्हणून 'जुळतंय' वाटलं की तेच वाक्य शेजारणीला, जावेला लावून बघा. त्यांनाही बसलं, तर त्यात तुमचं खास काही नाही. वाक्य नेमकं असेल, तर गेल्या महिन्यात आपण तसं कधी वागलो ते आठवा. घरच्यांना विचारा, पण निकाल न दाखवता.

मुलगी 'अंतर्मुख' निघाली म्हणून तिचा नर्सिंगचा फॉर्म अडवू नका. कमी बोलणाऱ्या कितीतरी उत्तम सिस्टर मी वॉर्डात पाहिल्यात. पेशंटचं ऐकून घेणं त्यांना आमच्यासारख्या बडबड्यांपेक्षा छान जमतं.

मात्र हसतं-बोलतं माणूस दोन आठवडे गप्प गप्प असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर 'अंतर्मुख आहे' म्हणून सोडून देऊ नका. तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं.