मूलपेशींचा गुण किती काळ?

जमीन गहाण टाकून दिल्ली गाठणारे कुटुंब विचारते की, मूलपेशी-उपचाराचा गुण किती काळ टिकेल? गुण येतो, हे या प्रश्नात गृहीतच धरलेले असते.

या गृहीताची परीक्षा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झाली. 2014 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच केंद्रांतील 120 पक्षाघातग्रस्तांचे दोन गट पाडून एका गटाला स्वतःच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे दिल्या. सहा महिन्यांनंतर दैनंदिन व्यवहारांत दोन्ही गट सारखेच आढळले. अपाय नव्हता, उपयोगही दिसला नाही. पक्षाघातानंतर पुष्कळ रोगी काही अंशी आपोआपच सुधारतात. तुलनेचा गट नसता, तर ते श्रेय पेशींनाच मिळाले असते!

रक्ताची गोष्ट निराळी. तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते. थॅलॅसेमियाग्रस्त मुलाच्या शरीरात भावंडाची मज्जा रुजली, तर वर्षानंतर आढळणाऱ्या निरोगी पेशी ही रुजलेल्या मूलपेशींचीच संतती होय. त्या मूलपेशी स्वतःसारख्या पेशीही घडवीत राहतात. म्हणून हा लाभ बहुधा आयुष्यभर पुरतो. त्याही शिरेतूनच देतात, परंतु हाडांत त्यांना आपले घर सापडते. मेंदूत त्यांच्यासाठी तसे घर नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2013 साली आपल्या मार्गदर्शक सूचनांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्दच गाळला. 2017 च्या सूचनांनुसार रक्तविकारांतील मज्जारोपणाखेरीज मूलपेशींचा वापर केवळ रीतसर चाचणीतच करावयाचा असतो.