एटापल्लीत वायपरचा दांडा बदलायचा, तर खर्च किती?

पाचशे रुपयांचा भाग आणायला दोन हजारांचं पेट्रोल जाळायचं, असा उलटा हिशेब एटापल्लीतल्या गाडीमालकाला वायपरच्या बाबतीत सहज पडतो. चंद्रपूरला जाऊन यायचं म्हणजे जवळपास तीनशे किलोमीटर. लिटरला 15 किलोमीटर धरले तर वीस लिटर गेलेच. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर दुकानदाराशी घासाघीस नंतर करा. आधी नेमकं काय बिघडलंय ते घरच्या अंगणातच ओळखा.

काच नीट पुसली जात नाही म्हणून लगेच दांड्यावर आळ घेऊ नका. पहिला संशयित रबर. एप्रिल-मेच्या उन्हात ते कडक होतं, कडेला चिरतं आणि काचेवर बारीक रेघा ओढू लागतं. रबर नवं असूनही मधला पट्टा ओलाच राहतो, किंवा गाडीने वेग घेतला की वायपर काचेवरून उचलला जातो, तर दांड्यातली स्प्रिंग ढिली झाली. जाताना गुमान जाणारा वायपर परतताना थडथडत असेल तर दांडा पिळला गेलाय. बहुधा गाडी धुताना कुणीतरी तो आडवातिडवा ओढलेला असतो.

मोटरचा आवाज येतो पण दांडा हलत नाही, तेव्हा बुडाशी असलेलं प्लास्टिकचं टोपण काढून नट आवळून पाहा. पाना तेवढा हवा, खर्च काही नाही. नट आवळूनही दांडा घसरत असेल तर त्याच्या भोकातले दाते झिजलेत. दांड्याचं बूड नरम ओतीव धातूचं आणि ते ज्यावर बसतं तो शाफ्ट पोलादाचा, म्हणून सहसा दांडाच आधी झिजतो. हे आपल्या फायद्याचंच, कारण शाफ्टचे दाते गेले तर मोटर आणि दांडे जोडणारी काचेखालची आख्खी लिंकेज बदलावी लागते. शाफ्ट बोटांनी हलवून बघा. तो डुगडुगत असेल तर नुसता नवा दांडा घालून पैसे वाया जातील.

आता भाव. हे आकडे अंदाजाचे आहेत. गाडी, कंपनी आणि दुकान बदललं की बदलतील. नुसतं रबर शंभराच्या आसपास मिळतं. साधं ब्लेड 150 ते 400 रुपयांना एक. बोलेरो, अल्टो, वॅगनआरसारख्या गाड्यांचा एक दांडा 300 ते 700, मोठ्या गाड्यांचा हजाराच्या पुढे. लिंकेज हजार ते अडीच हजार, मोटर दीड ते साडेतीन हजार. दांडा बसवण्याची मजुरी शंभर-दोनशेच्या वर जायला नको, कारण काम पाऊण तासाचंही नाही. लिंकेजसाठी मात्र काचेखालची जाळी उघडावी लागते, तिथे पाचशे-सातशे मागितले तर ते रास्तच आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला आहे. त्याआधीच्या मालावर जुनी एमआरपी छापलेली असेल, तर नवा भाव विचारायला लाजू नका.

मागवताना दोन गोष्टी सांभाळा. चालकाकडचा आणि डावीकडचा दांडा बहुतेक गाड्यांत वेगळा असतो, मागच्या काचेचा तर असतोच. म्हणून चेसिस नंबर देऊन अधिकृत सुट्या भागांच्या दुकानातून पार्ट नंबर काढून घ्या, जुन्या दांड्याचा मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवा आणि माल एसटीच्या पार्सलने किंवा टपालाने मागवा. आलापल्ली किंवा अहेरीत मिळाला तर उत्तमच. पक्की पावती मागा. चुकीचा माल परत घ्यायला कुणी नकार दिला, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तीच पावती दाखवावी लागते.

स्वतः बसवणार असाल तर वायपर एकदा चालवून बटणानेच बंद करा, म्हणजे तो मूळ जागी थांबेल. त्या जागी काचेवर चिकटपट्टी लावा. काचेवर जाड टॉवेल अंथरा, कारण ब्लेड काढलेला उघडा दांडा स्प्रिंगच्या जोराने आपटला की काच तडकते आणि साध्या गाडीचीही समोरची काच काही हजारांना पडते. दांडा गंजून बसला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थांबा, मग डावीकडे-उजवीकडे हलवत काढा. हातोडा मारू नका. नवा दांडा खुणेवर बसवा आणि पहिली चाचणी ओल्या काचेवर घ्या.

आपल्याकडे वायपर लवकर खराब होतो, त्याला सूरजागडच्या खनिजाच्या ट्रकांची लाल धूळही कारण आहे. ही धूळ कोरडी पुसली तर रबर जातंच, काचेवरही ओरखडे कायमचे राहतात. आधी पाण्याचा फवारा, मग वायपर. उन्हाळ्यात झाडाखाली गाडी लावत असाल तर काचेच्या बुडाशी साचलेली मोहफुलं आणि पाला काढत जा. त्याखाली ओल धरते आणि दांड्याचं बूड गंजतं.

स्प्रिंग ढिली झाली की दांडा वाकवून किंवा रबर बांधून दाब वाढवणारे बरेच दिसतात. गावापर्यंत पोहोचण्यापुरतं ते ठीक, पावसाळाभर नाही. चालता वायपर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 101व्या नियमानुसार सक्तीचा आहे, आणि प्रवासी किंवा मालवाहू गाडीच्या फिटनेस तपासणीत तो पाहिला जातो.

रबर किंवा ब्लेड दरवर्षी बदला, दांडा तक्रार असेल तरच. मागणी मे महिन्यातच नोंदवा. पावसाळ्यात पुराने रस्ते बंद झाले की पार्सलही अडकतं.