काँक्रीटच्या जमिनीवर बांबूची तक्तपोशी

बांबू हे वस्तुतः गवत होय. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यात त्याची गणना वृक्षांत होत असे. २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला, आणि आपल्या बांधावरील बांबू तोडण्याची व नेण्याची पूर्वीची अडचण पुष्कळ कमी झाली. आता सुपे, टोपल्या, कणग्या व मांडव यांपलीकडे या मालास गिऱ्हाईक मिळावयाचे, तर ते घरबांधणीतच मिळेल. २०२३ साली खुल्या झालेल्या दिल्लीच्या नव्या संसदभवनात त्रिपुरातील बांबूची जमीन घातलेली आहे. अशी जमीन आपल्या घरातील काँक्रीटवर कशी बसवावी, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. एका घरातील जमीन फुगून उखडली, की शेजारची दहा घरे बांबूलाच नावे ठेवितात, आणि त्याचा फटका अखेर उत्पादकास बसतो. म्हणून हा विषय केवळ सुताराचा नसून आपलाही आहे.

प्रथम फळीविषयी. पक्व बांबू चिरून त्याच्या पट्ट्या काढतात, त्या रसायनयुक्त पाण्यात उकळून वाळवितात, आणि डिंकाने जोडून दाबाखाली फळी तयार करतात. बांबूत पिष्टमय पदार्थ असल्यामुळे त्यास भुंगेरा लवकर लागतो. यास्तव बोरॅक्स व बोरिक आम्ल यांची प्रक्रिया झाली आहे किंवा कसे, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. या जमिनीचा शत्रू वरून सांडणारे पाणी नव्हे, तर खालची ओल होय. काँक्रीट कालविताना सिमेंटला लागते त्याहून अधिक पाणी घातलेले असते, व ते सूक्ष्म छिद्रांवाटे अनेक महिने बाहेर पडत राहते. शिवाय जोत्यावरील काँक्रीट, समईची वात जसे तेल ओढते, तसे मातीतील पाणी वर ओढते. ही ओल फळीच्या खालच्या अंगास लागली, की ते अंग फुगते व वरचे तसेच राहते. मग फळीच्या कडा उचलतात आणि ती पन्हळीसारखी होते. अशी फळी पुढे कितीही घासली, तरी मूळ रोग जात नाही.

म्हणून पहिला नियम धीराचा. काँक्रीटवर पाणी मारणे थांबल्यावर व वर छप्पर झाल्यावर, जाडीच्या दर इंचास सुमारे एक महिना, असा स्थूल हिशेब धरावा. चार इंचांच्या थरास चार महिने लागतील. पावसाळ्याचे महिने या हिशेबात धरू नयेत.

दुसरा नियम परीक्षेचा. दीड फूट लांबरुंद असा प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, आणि निदान सोळा तास तसाच ठेवावा. उचलल्यावर खाली दवबिंदू दिसले अथवा काँक्रीट काळवंडले, तर ओल आहे असे समजून थांबावे. ही परीक्षा खोलीत तीन-चार ठिकाणी घ्यावी. मात्र तुकडा कोरडा निघाला म्हणजे पूर्ण हमी मिळाली असे नव्हे. फळ्या डिंकाने चिकटवावयाच्या असल्यास ओल मोजण्याचे यंत्र वापरणाऱ्या जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.

तिसरा नियम सपाटीचा. दहा फुटांची सरळ पट्टी जमिनीवर ठेविली असता खाली पाव इंचाहून कमीच फट दिसली पाहिजे. उंचवटे घासावेत, खळगे भरावेत, आणि ते भरणही वाळू द्यावे. भेगांतून वाळवी येत असल्यास तिचा बंदोबस्त याच वेळी करावा.

यानंतर फळ्यांच्या पेट्या त्याच खोलीत उघडून आडव्या रचाव्यात व निदान तीन दिवस तशाच ठेवाव्यात. तेथील हवा फळीत मुरली पाहिजे. मग काँक्रीटवर जाड प्लास्टिक अंथरावे. त्याचे पट्टे एकमेकांवर सहा ते आठ इंच चढवून सांधे चिकटपट्टीने बंद करावेत, आणि कडा भिंतीवर थोड्या वर घ्याव्यात. त्यावर फेसाचा पातळ थर पसरावा व एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवीत जावे. फळ्या काँक्रीटला ठोकू नयेत. त्यांना हालण्यास मोकळीक हवी. पहिली ओळ दोरीने नेमकी धरावी. मोजणीत पहिली रेषा चुकली, की पुढले सर्व गट चुकतात, तोच न्याय येथे लागू आहे. लगतच्या दोन ओळींतील सांधे एकमेकांपासून निदान एक फूट दूर असावेत.

भिंती, खांब व चौकटी यांच्याभोवती अर्धा इंच फट सोडावयाची, हे सर्वांत महत्त्वाचे. हिवाळ्यात घट्ट बसविलेली फळी आषाढात फुगते. तिला जाण्यास जागा नसेल, तर ती मध्येच कमानीसारखी उठते. फट दिसू नये म्हणून वर पट्टी लावावी. परंतु ती पट्टी भिंतीस ठोकावी, फळीस नव्हे. दालन फार लांब असल्यास मध्ये सांधा कोठे सोडावा, हे कारखानदाराच्या सूचनापत्रात पाहावे.

न्हाणीघर, मोरी व पाणवठा येथे बांबूची जमीन घालूच नये. अन्यत्रही घागरीने धुणे अथवा चिंब फडके फिरविणे वर्ज्य. झाडून घ्यावे, व चांगल्या पिळलेल्या फडक्याने पुसावे.

यात अवघड असे काहीच नाही. जे काही आहे ते थांबण्याचे आहे. घरभरणीचा मुहूर्त जवळ आला म्हणून गवंडी उतरताच फळ्या अंथरण्याची घाई होते, आणि चार महिने वाचविण्याच्या नादात सारा खर्च ओलीत जातो. बांबू तोडण्यापूर्वी तो पक्व होईपर्यंत आपण तीन-चार वर्षे वाट पाहतो. त्याच बांबूची फळी बसविताना काँक्रीट वाळेपर्यंत थांबण्याचा सल्ला उत्पादकानेच गिऱ्हाइकास द्यावा, म्हणजे मालाचे नाव राहील.